एक स्टाफ, अनेक पदर : संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘व्हॉइस’ संकल्पनेची चिकित्सा

सारांश : एकाच स्टाफवर एकाहून अधिक स्वरावली लिहिण्यासाठी संगीतलेखनाची सॉफ्टवेअरे ‘व्हॉइस’ किंवा ‘लेअर’ या नावाची सोय पुरवितात. ही सोय केवळ तांत्रिक आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात योहान सेबास्तियान बाख याच्या एकल व्हायोलिनसाठीच्या फ्यूगच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे. सॉफ्टवेअरमधील व्हॉइस हे मूलतः काळ मोजण्याचे पात्र असून ते संगीतातील पदराशी एकरूप नाही. या दोहोंमधील अंतर संपादक ‘लपवलेल्या विरामां’नी भरून काढतो. परिणामी संपादकाचा निर्णय छापील पानावर दिसेनासा होतो आणि तो रचनाकाराचा पाठ म्हणून स्वीकारला जातो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्टाफ नोटेशन, बहुपदरी संगीत, व्हॉइस, विराम, पाठचिकित्सा, संगीतलेखनाचे सॉफ्टवेअर.

१. प्रास्ताविक

पाश्चात्त्य संगीतातील स्टाफ म्हणजे पाच आडव्या रेषांची चौकट. तिच्यावर नोट जितकी वर तितका स्वर उंच आणि उजवीकडे जावे तितका काळ पुढे, अशी ही साधी व्यवस्था आहे. एकच स्वरावली लिहावयाची असेल तोवर या व्यवस्थेत अडचण उद्भवत नाही. परंतु एकाच स्टाफवर दोन, तीन किंवा चार स्वरावली एकाच वेळी चालू लागल्या की कोणती नोट कोणत्या स्वरावलीची, हा प्रश्न उभा राहतो. पियानो, ऑर्गन, गिटार आणि समूहगान यांच्या नोटेशनमध्ये हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पानावर येतो. एकल व्हायोलिनच्या काही रचनांत तो अधिक तीव्र होतो, कारण तेथे स्टाफही एक, वाद्यही एक आणि गजही एकच असतो.

भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न काहीसा अनोळखी वाटण्याचा संभव आहे. त्या पद्धतीत मुख्य स्वरावली एक असते आणि तानपुरा किंवा साथीचे वाद्य लिहिले जात नाही. मात्र एक बाब दोन्हीकडे समान आहे. मात्रेच्या जागी जे चिन्ह येते, त्याचा अर्थ ठरलेला असतो. भातखंडे पद्धतीतील आडवी रेघ स्वराचा विस्तार दाखविते, तर अवग्रह अक्षराचा विस्तार दाखवितो. रिकामी वाटणारी जागाही तेथे काही सांगत असते. स्टाफवरील रिकाम्या जागेचा अर्थ काय, हाच प्रस्तुत लेखाचाही गाभा आहे.

२. संज्ञांची निश्चिती : पदर आणि व्हॉइस

इंग्रजीत एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी सुचविल्या जातात आणि त्यामुळे विचाराचा गोंधळ होतो. म्हणून येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेविल्या आहेत. ऐकणाऱ्याच्या कानाला एक सलग, स्वतःची चाल असलेली स्वरावली म्हणून जी जाणवते, तिला ‘पदर’ म्हटले आहे. सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक देऊन ज्या कप्प्यात नोटा भरल्या जातात, त्या कप्प्याला ‘व्हॉइस’ म्हटले आहे.

पदर मध्येच सुरू होऊ शकतो, दुसऱ्या पदरात विरघळू शकतो आणि कोणतीही घोषणा न करता संपू शकतो. व्हॉइसला ही मोकळीक सहसा नसते. चार मात्रांच्या बारमध्ये व्हॉइस उघडला की त्याने चार मात्रांचा हिशेब पुरा केला पाहिजे, अशी बहुतेक सॉफ्टवेअरची रचना असते. नोट नसेल तेथे विराम येतो. पदर ही श्रवणाच्या अनुभवातून आलेली कल्पना आहे, तर व्हॉइस ही हिशेबाची वही आहे. दोहोंचा मेळ पुष्कळदा बसतो. जेथे तो बसत नाही, तेथेच संपादनाचा खरा प्रश्न सुरू होतो.

३. दांडीच्या दिशेचा अर्थ

एका स्टाफवर दोन पदर लिहिण्याचा जुना संकेत साधा आहे. वरच्या पदराच्या नोटांच्या दांड्या वर आणि खालच्या पदराच्या दांड्या खाली काढावयाच्या. एकच पदर असताना दांडीची दिशा नोटेच्या जागेवरून ठरते. मधल्या रेषेच्या खाली असलेल्या नोटेची दांडी वर जाते, रेषेच्या वर असलेल्या नोटेची खाली येते. तेथे दांडी केवळ पानाच्या सोयीसाठी असते. दुसरा पदर आला की त्याच दांडीला वेगळा अर्थ प्राप्त होतो. आता ती नोटेची जागा दाखवीत नाही, नोट कोणाची हे सांगते. खालचा पदर काही काळ वरच्या पदराच्याही वर गेला, तरी त्याची दांडी खालीच राहते आणि वाचकाला ओळख पटते.

या संकेताला पूरक असे इतरही संकेत आहेत. दोन पदरांचे विराम एकमेकांवर येऊ नयेत म्हणून ते वर आणि खाली सरकविले जातात. लगतच्या दोन स्वरांची नोटशीर्षे परस्परांवर आदळू नयेत म्हणून एक शीर्ष बाजूला घेतले जाते. दोन पदर एकाच स्वरावर एकत्र आले आणि त्यांची कालमूल्ये जुळत असली, तर एका शीर्षाला दोन दांड्या काढतात. फर्नांदो सोर (१७७८–१८३९) याच्या गिटार-रचनांत खर्जाच्या स्वरांना खाली आणि सुरावटीला वर दांड्या देऊन एकाच वाद्यातील पदर स्पष्ट केलेले आढळतात. हे सर्व संकेत हाताने लिहिणाऱ्या आणि धातूच्या पत्र्यावर नोटा कोरणाऱ्या कारागिरांनी सिद्ध केले. कोरणाऱ्याला प्रत्येक पदराच्या मात्रा पुऱ्या करून दाखविण्याची सक्ती नव्हती. वाचणाऱ्याला पान कळावे, एवढेच त्याचे उत्तरदायित्व होते.

४. सॉफ्टवेअरची व्यवस्था

फिनाले हे सॉफ्टवेअर १९८८ मध्ये आले. त्यात प्रत्येक स्टाफवर चार लेअर मिळत आणि प्रत्येक लेअरमध्ये आणखी दोन व्हॉइस करता येत. १९९३ मध्ये आलेल्या सिबेलियसमध्ये स्टाफमागे चार व्हॉइस आहेत. विनामूल्य उपलब्ध असलेल्या म्यूझस्कोरमध्येही ही संख्या चारच आहे. पहिल्या आणि तिसऱ्या व्हॉइसच्या दांड्या वर, दुसऱ्या आणि चौथ्याच्या खाली, ही तेथील मूळ योजना. पडद्यावर प्रत्येक व्हॉइसला स्वतंत्र रंग असतो. छापताना मात्र सर्व काही काळे होते. म्यूझस्कोरमध्ये दुसऱ्या ते चौथ्या व्हॉइसमधील विराम पुसता येतात. पहिल्या व्हॉइसमधील विराम पुसण्याची सोय नसून तो केवळ अदृश्य करता येतो, ही त्यातील परंपरागत व्यवस्था आहे. याचा अर्थ असा की पहिल्या व्हॉइसला बारचा कणा मानलेले आहे.

लिलीपॉन्ड हे सॉफ्टवेअर वेगळ्या वाटेने जाते. तेथे नोटा पडद्यावर ठेवीत नाहीत, अक्षरांच्या आज्ञावलीत लिहितात. दृश्य विरामासाठी ‘आर’ आणि केवळ काळ पुढे सरकविण्यासाठी ‘एस’ ही स्वतंत्र अक्षरे त्यात आहेत. वाद्य थांबले आहे आणि येथे सांगण्यासारखे काही नाही, या दोन विधानांत लिलीपॉन्ड मुळातच भेद करते. २०१६ मध्ये आलेल्या डोरिकोने या दिशेने आणखी पाऊल टाकले. तेथे व्हॉइसच्या संख्येला चारची मर्यादा नाही. बारमध्ये एकच व्हॉइस उरला की दांड्या आपोआप एकपदरी संकेताकडे वळतात. एखाद्या नोटेपासून व्हॉइस सुरू झाला किंवा तेथे संपला, असे नोंदविण्याची सोयही त्यात आहे.

वरील तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. सॉफ्टवेअरांमधील भेद हा सोयी-गैरसोयींपुरता मर्यादित नाही. पदर म्हणजे काय, याविषयीची वेगवेगळी उत्तरे त्यांच्या रचनेतच अंतर्भूत आहेत. चार कप्प्यांची योजना पदरांना कायमचे रहिवासी मानते. आरंभ आणि अंत नोंदविणारी योजना पदरांना येणारेजाणारे मानते.

५. हस्तलिखिताची साक्ष : बाखचा फ्यूग

बाखने साथीच्या खर्जाविना एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांचे स्वहस्तातील १७२० चे हस्तलिखित बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात जतन केलेले आहे. त्यातील पहिल्या सोनाटाचा (बी.डब्ल्यू.व्ही. १००१) दुसरा भाग म्हणजे जी मायनरमधील फ्यूग. एकाच स्वराच्या पुनरावृत्तीने सुरू होणारा त्याचा छोटा विषय प्रथम एकटा येतो. मग दुसऱ्या स्वरस्थानावर दुसरा प्रवेश होतो आणि हळूहळू तीन-चार स्वरांच्या कॉर्डपर्यंत पोत दाट होत जातो. या दाट भागांच्या मधे द्रुत स्वरांचे एकेरी धावते भाग येतात. अशा एकेरी भागांत गप्प असलेल्या पदरांसाठी विरामांची रांग मांडण्याची बाखला आवश्यकता वाटलेली नाही. पदर ऐकू येईनासे झाले आहेत, एवढे पुरेसे आहे.

हे पान चार व्हॉइसच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरविणाऱ्या संपादकापुढे दोन प्रश्न येतात. पहिला प्रश्न असा की एकेरी धावती ओळ कोणत्या व्हॉइसमध्ये भरावी? सवयीने ती पहिल्या व्हॉइसमध्ये जाते. परंतु ही ओळ व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या जी तारेपासून वरच्या तारेपर्यंत संचार करते. तिला वरचा पदर म्हणणे हा संगीताचा निष्कर्ष नव्हे, ती कप्प्याची सोय आहे. दुसरा प्रश्न असा की कॉर्ड पुन्हा सुरू झाल्यावर आलेला खालचा पदर पूर्वीचाच आहे की नवा? सॉफ्टवेअरला क्रमांक द्यावाच लागतो. दुसरा क्रमांक दिला की पूर्वीच्या दुसऱ्या पदराशी त्याचे सातत्य सांगितले जाते. हस्तलिखित याबाबत पुष्कळदा मौन बाळगते.

याच फ्यूगची आणखी दोन रूपे उपलब्ध आहेत. ल्यूटसाठीचे रूप (बी.डब्ल्यू.व्ही. १०००) योहान क्रिस्तियान वायराउख याच्या टॅब्लेचरमध्ये आहे. ऑर्गनसाठीचे रूप (बी.डब्ल्यू.व्ही. ५३९) डी मायनरमध्ये असून ते कोणी सिद्ध केले याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. टॅब्लेचर बोट कोठे ठेवावे हे सांगते. पदर तेथे लिहिलेच जात नाहीत, ते वादकाने ऐकून ओळखावयाचे असतात. ऑर्गनमध्ये उलट स्थिती आहे. दोन हात आणि पायपट्ट्या यांच्यात संगीत वाटले गेल्यामुळे पदरांची वाटणी उघड होते. एकच फ्यूग, परंतु तीन लेखनपद्धतींत पदरांविषयी तीन प्रकारची माहिती मिळते. व्हायोलिनचे पान यांच्या मध्यावर उभे आहे. काही पदर ते स्पष्ट सांगते, काही नुसते सुचविते. सॉफ्टवेअरमध्ये उतरविताना सुचविलेल्याचे सांगितलेले होते, ही या प्रक्रियेतील सर्वांत मोठी हानी होय.

६. लपवलेला विराम

या अडचणीतून प्रत्यक्ष व्यवहारात जो मार्ग काढला जातो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. नको असलेले विराम निवडावयाचे आणि अदृश्य करावयाचे. छापील पान स्वच्छ दिसते. फाइलमध्ये मात्र ते विराम शिल्लक असतात. म्हणजे एकाच कृतीचे दोन पाठ तयार होतात. एक डोळ्यांनी वाचावयाचा आणि दुसरा यंत्राने. पहिल्या पाठात खालचा पदर नाहीसा झाला आहे. दुसऱ्यात तो हजर असून मूक आहे.

हा भेद निव्वळ शाब्दिक वाटेल, परंतु त्याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. संगीताच्या फाइली संगणकाद्वारे तपासण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. दोन पदर पाचव्या अंतराने समांतर चालतात काय, एखादा पदर किती वेळ मूक राहतो, यांसारखे प्रश्न आज्ञावलीला विचारले जातात. आज्ञावली कानाने ऐकत नाही, व्हॉइसचे क्रमांक वाचते. संपादकाने एखादा पदर मध्येच दुसऱ्या कप्प्यात टाकला असेल, तर समांतर पंचम तेथे आढळणार नाही. जेथे तो नाही, तेथे तो आढळण्याचीही शक्यता आहे. संपादकाच्या सोयीचे रूपांतर अशा रीतीने बाखच्या शैलीविषयीच्या विधानात होते.

फाइलींच्या देवघेवीतही हाच प्रश्न येतो. २००४ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या म्यूझिकएक्सएमएल या रूपात प्रत्येक नोटेला व्हॉइसचा क्रमांक देता येतो, एखादे चिन्ह छापू नये असे सांगता येते आणि काळ नुसता पुढे किंवा मागे नेता येतो. अभ्यासकांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एमईआय या रूपात विराम आणि रिकामी जागा यांसाठी स्वतंत्र घटक आहेत. भाषा उपलब्ध आहे, प्रश्न ती वापरण्याचा आहे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी फिनालेच्या निर्मात्या मेकम्यूझिक कंपनीने त्या सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबवीत असल्याचे जाहीर केले. तीन दशकांहून अधिक काळ त्यात तयार झालेल्या फाइली इतरत्र हलविण्याची वेळ त्यामुळे अनेकांवर आली. अशा स्थलांतरात व्हॉइसचा क्रमांक, अदृश्य विराम आणि दांडीची दिशा यांचे काय होते, हे नवे सॉफ्टवेअर त्यांचा अर्थ कसा लावते यावर अवलंबून असते. लपविलेले ते लपलेलेच राहील, याची शाश्वती नसते.

७. दांडीविना पदर

व्हॉइसच्या क्रमांकातून पदर कळतो, या समजुतीला आणखी एका बाजूने मर्यादा पडते. बाखच्या पहिल्या सेलो सूटचे प्रास्ताविक (बी.डब्ल्यू.व्ही. १००७) जवळजवळ संपूर्णपणे एकेरी ओळीत लिहिलेले आहे. बाखच्या हातचे या सूट्सचे लेखन आज उपलब्ध नसून आना माग्दालेना बाख हिची प्रत प्रमुख आधारांपैकी एक आहे. कागदावर येथे एकच व्हॉइस आहे. तरीही खालचे टिकून राहणारे स्वर आणि वरची हलती स्वरावली यांतून कानाला एकाहून अधिक पदर जाणवतात. अर्न्स्ट कुर्ट याने १९१७ मधील आपल्या ग्रंथात एकेरी ओळीत दडलेल्या या बहुपदरीपणाची सविस्तर चर्चा केली आहे.

असे पान सॉफ्टवेअरमध्ये भरताना कोणी दोन व्हॉइस करीत नाही आणि करूही नयेत. कारण लेखनात जे अव्यक्त आहे ते अव्यक्त ठेवण्यातच त्या रचनेचे सौंदर्य आहे. परंतु मग सेलोच्या रचनेत एक व्हॉइस आणि व्हायोलिनच्या फ्यूगमध्ये चार व्हॉइस, एवढ्यावरून पहिली एकपदरी आणि दुसरी चौपदरी असे म्हणता येणार नाही. व्हॉइसची संख्या ही लेखनाची वस्तुस्थिती आहे. पदरांची संख्या हा श्रवणाचा निर्णय आहे.

८. यंत्राचे वादन आणि वक्र गज

सॉफ्टवेअर लिहिलेले वाजवूनही दाखविते, त्यामुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. फ्यूगमधील चार स्वरांचा कॉर्ड यंत्र एकाच क्षणी आणि पूर्ण कालमूल्याने वाजविते. व्हायोलिनवर हे शक्य नाही. पुलाचा आकार वक्र असल्याने गज सहजपणे दोन तारांवर एकदम टिकतो. तीन-चार तारांचा कॉर्ड तोडून वाजवावा लागतो. बाख हे जाणून होता. त्याच्या लेखनातील दीर्घ कालमूल्य पदराची दिशा सांगते, गजाची कृती सांगत नाही.

लेखनाचा शब्दशः अर्थ घेण्याची ही चूक यंत्राने प्रथम केलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्नोल्ड शेरिंग आणि आल्बर्ट श्वाइट्झर यांनी बाखच्या काळी अधिक वक्र गजाने सर्व स्वर एकत्र धरून ठेवता येत असावेत, असे मत मांडले. पुढे तसे गज बनविण्यातही आले. एमिल टेलमान्यी याने ‘व्हेगा’ नावाच्या अशा गजाने १९५० च्या दशकात या रचनांचे ध्वनिमुद्रण केले. असा गज बाखच्या काळी प्रचारात असल्याचा ऐतिहासिक पुरावा मात्र मिळाला नाही. लेखनाचा संकेत न ओळखल्यामुळे वाद्य बदलण्यापर्यंत मजल गेली. आजचे यांत्रिक वादन हा त्याच वक्र गजाचा नवा अवतार होय. तो अधिक स्वस्त आणि अधिक सर्वव्यापी आहे, म्हणून त्याविषयी अधिक सावध राहणे अगत्याचे ठरते.

रॉबर्ट शूमान याच्या १८३९ मधील ‘ह्युमोरेस्क’ या पियानोरचनेत एका ठिकाणी मधल्या स्टाफवर ‘आतला आवाज’ अशा अर्थाची नोंद करून एक सुरावट लिहिली आहे आणि ती वाजवावयाची नसते. ती वादकाने मनात ऐकावयाची. सॉफ्टवेअरमध्ये या स्टाफचे वादन बंद करावे लागते. लपवलेल्या विरामाची ही नेमकी उलट बाजू आहे. तेथे न दिसणारे चिन्ह काळ व्यापते, येथे दिसणारे चिन्ह ध्वनी देत नाही. लेखन आणि ध्वनी यांचे नाते एकास एक नसते, हे या उदाहरणावरून ठसते.

९. गोव्याच्या संदर्भात

हा प्रश्न केवळ युरोपातील अभ्यासकांचा नाही. गोव्यातील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून स्टाफ नोटेशन पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. त्या परंपरेतून आलेल्या वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठी कामगिरी बजावली. कोंकणी मांडो हा गीतप्रकार परंपरेने दोन आवाजांत, बहुधा तिसऱ्या आणि सहाव्या अंतराने गायिला जातो.

मांडो एका स्टाफवर लिहिताना दोन पर्याय असतात. दोन्ही आवाजांची लय एकच असेल तेथे दोन शीर्षांना एक दांडी देऊन कॉर्डसारखे लिहिता येते. अथवा दोन व्हॉइस करून वर आणि खाली स्वतंत्र दांड्या देता येतात. पहिला पर्याय जलद आणि पानाला सुटसुटीत आहे. परंतु त्यात दुसरा गायक पहिल्याच्या स्वराला दिलेली जाडी बनून राहतो. दुसऱ्या पर्यायात तो स्वतंत्र व्यक्ती म्हणून पानावर उभा राहतो. त्याचा श्वास, त्याचा विराम आणि त्याच्या अक्षराची जागा स्वतंत्रपणे दाखविता येते. सॉफ्टवेअरमध्ये गीताची अक्षरे व्हॉइसला जोडलेली असतात, त्यामुळे ही निवड शब्दांपर्यंत पोचते. मौखिक परंपरेतील गीत प्रथमच लिहिले जात असेल, तर ही निवड पुढील गायकांसाठी प्रमाण ठरण्याची शक्यता असते. म्हणून ती विचारपूर्वक आणि सांगून करावयास हवी.

१०. आक्षेपांचा विचार

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की काळाचा काटेकोर हिशेब ठेविल्याविना सॉफ्टवेअर चालूच शकणार नाही. स्वरांतर, वेगवेगळ्या वादकांची पाने काढणे, बारची जुळणी हे सर्व त्या हिशेबावर उभे आहे. हा आक्षेप ग्राह्य आहे. सॉफ्टवेअरने हिशेब सोडावा अशी अपेक्षा येथे नाही. हिशेबाच्या चिन्हाला संगीताच्या चिन्हाचा वेश देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. लिलीपॉन्ड, डोरिको आणि एमईआय यांच्या उदाहरणांवरून ते शक्य असल्याचे दिसून येते.

दुसरा आक्षेप असा की हस्तलिखिताचे छापील पान करताना संपादकाचा हात नेहमीच लागत आला आहे, मग सॉफ्टवेअरला वेगळा दोष का द्यावा? याचे उत्तर जुन्या संपादकांच्या व्यवहारात सापडते. या सहा रचनांची संपूर्ण छापील आवृत्ती बॉन येथे १८०२ मध्ये निघाली. फेर्डिनांड डेव्हिड याने १८४३ मध्ये लाइपझिग येथील संगीतविद्यालयासाठी आपली आवृत्ती सिद्ध केली. बोटांच्या आणि गजाच्या स्वतःच्या खुणा त्याने दिल्या, परंतु ज्यांना आपल्या खुणा आपण करावयाच्या आहेत त्यांच्यासाठी मूळ पाठही लहान नोटांत सोबत छापला. हस्तक्षेप त्यानेही केला, मात्र तो उघडपणे केला.

पाठचिकित्सेचा हाच धडा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही मिळतो. वि. सी. सुखटणकर यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये आदिपर्वाचा खंड पूर्ण झाला आणि हे प्रचंड कार्य १९६६ मध्ये तडीस गेले. ज्या पाठाविषयी पुरेशी निश्चिती नाही, त्याखाली नागमोडी रेघ ओढण्याची पद्धत त्या आवृत्तीत स्वीकारलेली आहे. संपादकाने निर्णय तर घेतला, परंतु तो शंकास्पद आहे हे वाचकाला त्याच पानावर सांगितले. संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॉइसची वाटणी करताना अशी नागमोडी रेघ ओढण्याचा प्रघात नाही. प्रत्येक नोट सारख्याच आत्मविश्वासाने छापली जाते.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) सॉफ्टवेअरमधील व्हॉइस हे काळ मोजण्याचे पात्र आहे. त्याचे क्रमांक पदरांचे पुरावे म्हणून वापरता येत नाहीत.

(२) नोटांची व्हॉइसमध्ये वाटणी करणे हे टंकलेखन नसून अर्थनिर्णयन आहे. त्यामुळे संपादित पानासोबत वाटणीची तत्त्वे प्रस्तावनेत सांगणे आवश्यक आहे.

(३) रचनाकाराने लिहिलेला विराम आणि हिशेबासाठी घातलेला रिकामा काळ यांची नोंद फाइलमध्ये भिन्न प्रकारे व्हावी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे तेथे ती वापरावी. जेथे नाही, तेथे लपवलेल्या विरामांची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी.

(४) वादग्रस्त स्थळी मूळ हस्तलिखितातील दांड्यांची मांडणी लहान स्टाफवर सोबत द्यावी. डेव्हिडची १८४३ ची आवृत्ती या बाबतीत आजही मार्गदर्शक ठरते.

(५) यांत्रिक वादन हे लेखनाची शुद्धता तपासण्याचे साधन आहे. पदरांविषयीचा पुरावा म्हणून त्याचा आधार घेऊ नये.

(६) मांडोसारख्या मौखिक परंपरेतील गीतांचे प्रथम लेखन करताना प्रत्येक गायकाला स्वतंत्र व्हॉइस देणे श्रेयस्कर आहे. तसे न केल्यास त्याचे कारण नमूद करावे.

एका स्टाफवर अनेक पदर मांडण्याची कला ही मर्यादित जागेत अनेकांना स्थान देण्याची कला आहे. बाखच्या पानावर पदर येतात, थांबतात आणि निघून जातात, आणि त्यांच्या जाण्याची नोंद कोणी ठेवीत नाही. सॉफ्टवेअरने ती नोंद ठेवणे अपरिहार्य आहे. ती कोणी ठेविली, हे वाचकाला कळणेही तितकेच अपरिहार्य मानले गेले पाहिजे.